मामांचा पहिला कॉम्प्युटर, मुक्काम देगलूर

लातूरला मामांचा सत्कार ठरला आणि मी पुण्याहून मामांचं नांदेड गाठलं. माझे मामा म्हणजे आमच्या भागात कॉम्प्युटर आणणारा पहिला माणूस. हैदराबादहून सुटे भाग आणायचे, नांदेडच्या खोलीत जोडायचे, वर स्वतःच्या नावाचं स्टिकर चिकटवायचं आणि खोका मांडीवर घेऊन एसटीनं गावोगाव हिंडायचं. पहिला कॉम्प्युटर देगलूरच्या एका आडत दुकानात गेला आणि तिथला सगळा हिशेब त्यावर आला, ही गोष्ट आम्ही भाच्यांनी प्रत्येक लग्नात ऐकलेली. सत्कारातही तीच सांगायची होती. जाता जाता त्या मशीनसोबत फोटो काढू, असं मामा म्हणाले.

नांदेडहून देगलूरला एसटीच बरी. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, मामांना वयामुळे अर्धं. पण ते घेताना मामा चोरी केल्यासारखे खिडकीबाहेर बघत होते. देगलूरच्या स्टँडजवळ चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भजी जरूर खा, शंभर रुपयांत दोघांचं पोट भरतं. हॉटेलवाल्यानं ऑर्डर तेलुगूत ओरडली, एका गिऱ्हाइकाशी कन्नडात वाद घातला आणि पैसे मराठीत मागितले.

आडत दुकानाचे मालक आप्पा ऐंशीच्या पुढचे, कपाळभर विभूती. कॉम्प्युटर आतल्या खोलीत चौरंगावर होता. पडद्यावरही विभूतीचे तीन पट्टे. दर दसऱ्याला त्याची पूजा होते म्हणे. मामांची छाती फुगली. हिशेब यावर किती वर्षं चालला, असं त्यांनी विचारलं.

"हिशेब मुनीमच करत व्हते की," आप्पा म्हणाले. "ह्यो कदी सुरूच न्हाई केला."

मामांची आयुष्यभर सांगितलेली गोष्ट गेली, उद्याचं भाषणही गेलं.

"मग घेतला कशाला?" मामांनी विचारलं.

"तुम्ही तिसऱ्यांदा आला व्हता, खोका घेऊन, घामाघूम. म्हनलं, आता न्हाई म्हनलं तर ह्यो पोरगा धंदा सोडतोय."

देगलूर ते उदगीर मामा लिहून आणलेलं भाषण उघडून बसले होते. पुढे लातूरच्या गाडीत मी म्हटलं, जुनीच गोष्ट सांगा, तपासायला कोण येतंय? फुकट दुरुस्ती मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

सत्काराला निवेदकानं त्यांना 'संगणक क्रांतीचे जनक' करून टाकलं. मामा उठले, लिहून आणलेलं भाषण खिशात घातलं.

"पहिला कॉम्प्युटर मी विकला नाही," ते म्हणाले. "तो आप्पांनी घेतला."

मग सगळं सांगितलं, विभूतीसकट. लोक पोट धरून हसले, नंतर टाळ्या थांबेनात. मी मात्र रडले. माझ्या मामांचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

पुण्यात परतून महिना झाला. मामा आता दर सोमवारी लॅपटॉप घेऊन देगलूरला जातात, आप्पांना शिकवायला. आप्पांच्या हातात माउस काही केल्या टिकत नाही. शेवटी मामांनीच विचारलं, आप्पा, बंद करू का हे? आप्पा म्हणाले, "शिकतो की. न्हाई म्हनलं तर तुम्ही यायचं सोडताल."