कन्हेरीच्या फाट्यावर

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या आगगाडीत बसले, तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. ही गाडी बैलाला रस्ता देते, ओळखीच्या माणसासाठी थांबते आणि जमलंच तर पुढं सरकते. माझी थोरली बहीण, अक्का, मात्र तिच्या प्रेमात होती. अक्का इंदापूरच्या दवाखान्यात नर्स होती. पत्रात स्वतःबद्दल एक ओळ, आणि पाहिलेल्या गावांबद्दल चार पानं! गेल्या महिन्यात ती तापानं गेली. तिचं सामान आणायला मी निघाले होते.

मनात अढी होतीच. पाच वर्षांपूर्वी आई अत्यवस्थ झाली तेव्हा अक्काला तार केली. ती पुण्याला पोचली दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. "वाटेत उतरावं लागलं," एवढंच म्हणाली. मी फटकन म्हणाले, "हौस भागली का हिंडायची?" त्यानंतर मी तिच्याशी धड बोलले नाही.

बारामतीच्या स्टँडवर घसा जाळणारी भजी खाल्ली आणि इंदापूरची एस. टी. धरली. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत होते.

"इंदापुरात कुनाकडं?"

"दवाखान्यात. गेल्या महिन्यात वारल्या त्या नर्सबाई माझी बहीण."

तात्या उभेच राहिले. "कंडक्टर, घंटी मारा! कन्हेरीला आमी दोघंबी उतरनार."

"अहो, माझं तिकीट इंदापूरचं आहे!"

"इंदापूर कुठं पळतंय व्हय?"

म्हाताऱ्याचा हट्ट मोडवेना. फाट्यावर उतरून उसातल्या बांधानं घरी गेलो. त्यांच्या सुनेनं, पारूनं, गरम भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि वाटीभर काकवी (गूळ होण्याआधीचा पाक) वाढली. तिच्या पदराआडून पाच वर्षांची एक मुलगी मला निरखत होती. आई गेली त्याच वर्षी जन्मलेली.

"दोन दिस अडली हुती सून," तात्या सांगू लागले. "पोर पायाळू. बारामतीला न्यावी म्हून येस्टी आडवली, तर आत नर्सबाई. हिला बघितलं अन् म्हनल्या, आता बारामतीपातुर दम निघायचा न्हाय. अन् उतरल्याच."

पारू हळूच म्हणाली, "हात धुताना मला म्हनल्या, 'माजी आई वाट बघतीया. तू घाबरू नगंस, पर उशीर बी करू नगंस.'"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"बाईंची रीत समद्या टापूला ठावं," तात्या म्हणाले. "बाळंतपन झालं की खन-नारळ घ्यायच्या न्हाईत. म्हनायच्या, मला न बघितलेलं गाव दावा. मंग लोक गाडी जुपायचे. लासुर्नं, निमगाव, नरसिंगपूरचा संगम, समदं तसंच बघितलं त्यांनी. आमीबी इचारलं, बाई, कुठलं गाव दावू? तर म्हनल्या, 'तात्या, आज मला फक्त आईपाशी पोचवा.' बारामतीची छोटी गाडी सुटली हुती. बैलं थेट दौंडापातुर पळवली. तोंडाला फेस आला बैलांच्या, पर पुन्याची गाडी गेलती. तेवढं एकच ठिकान आमाला दावता आलं न्हाय बगा."

तात्या पंच्यानं डोळे पुसत राहिले. त्या अनोळखी घरात मी लहान मुलीसारखी रडले. आईला हे कळलं असतं, तर तिनंच अक्काला फाट्यावर उतरवलं असतं. राग धरला तो मी एकटीनं.

संध्याकाळच्या एस. टी.नं इंदापूरला गेले. दोन दिवसांनी अक्काची ट्रंक घेऊन परतीच्या छोट्या गाडीत बसले. समोरच्या बाईनं टोपलीतला पेरू पुढं केला. "बहिणीकडं गेलावता व्हय? भेटली का?"

"भेटली," मी म्हणाले. "पण मला पोचायला उशीर झाला."

अक्कापेक्षा कितीतरी जास्त, पाच वर्षांचा. आणि मला तर वाटेत कुणी अडवलंही नव्हतं.