आत्याची डबल बेल

भोरच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं आत खेळायला बसतो. मी, माझा दादा, वहिनी आणि आत्या. हा खेळ मी पुण्यात कॉलेजला असताना शिकले. ह्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. समोर राक्षस आला की आपण काय करणार ते ज्याचं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं का फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट चालवायचं काम माझ्याकडं.

नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे आणि मी त्याला चिकटून होते. पुस्तकात असेल तेच खेळायचं. दादानं एकदा नेटवरून कुणीतरी रचलेलं एक पात्र शोधून आणलं. सावल्यांचा सरदार, एका दमात तीन वार करणारा. मी तो कागद वाचला आणि परत दिला. दादा दोन रविवार माझ्याशी तुटक बोलत होता.

मग आत्या खेळायला आली. आत्यानं सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, त्यातली कित्येक वर्षं महाडच्या गाडीवर. रिटायर झाल्यावर तिला घरात करमेना. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मला कंडक्टर होता येईल का?"

"आत्या, ह्यात योद्धे असतात, जादूगार असतात, चोर असतात. कंडक्टर न्हाई."

"का? तुझ्या राक्षसांच्या मुलखात लोकं हिकडनं तिकडं जात न्हाईत व्हय?"

मी पुस्तक पुढं केलं. वहिनी तोवर गप्प होती. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, डोंगरातल्या वाडीवरचं, आणि ती गप्प असली की काहीतरी शिजत असतं. ती म्हणाली, "वन्सं, हे पुस्तक लिवणारा कदी वरंध्याच्या घाटातनं एसटीनं गेलाय का? न्हाई ना? मग त्याला कंडक्टर कसा सुचंल?"

"आत्याचं चालणार आसंल तर माझा सरदार बी घ्यायचा," दादा लगेच म्हणाला.

तिघं एका बाजूला झाल्यावर मी काय करणार. मी म्हटलं, चालेल, पण जे आणाल ते आधी सगळ्यांना वाचून दाखवायचं, एक रविवार खेळून बघायचं, आणि त्यानं दुसऱ्याची मजा गेली तर काटछाट करायची. पहिला नंबर आत्याचा.

आत्यानं आपल्या कंडक्टरचे दोन गुण सांगितले. सिंगल बेल मारली की ऐकणाऱ्याचे पाय जागच्या जागी थांबतात. डबल बेल मारली की ते पुढं चालायलाच लागतात.

त्या दिवशी मी दरीवर एक मोडका लाकडी पूल ठेवला होता आणि पुलावर दोन तोंडांचा राक्षस. आठवडाभर त्याच्यावर मेहनत घेतली होती. दादाच्या योद्ध्याचा वार हुकला. वहिनीचा चोर राक्षसाच्या पायांमधून निसटायला गेला आणि राक्षसानं त्याला बखोटीला धरून उचललं. मी खूश होते.

"सिंगल बेल," आत्या म्हणाली. फासा चांगला पडला. राक्षसाचे पाय थांबले.

"आता मी त्याच्याजवळ जाते. तिकीट बोला, तिकीट. तोंडं दोन हायत, तिकिटं किती देऊ?"

ह्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी डाव्या तोंडानं म्हटलं, "एक. अंग एकच आहे." आणि मग माझं मलाच कळलं नाही, उजवं तोंड म्हणालं, "मी कुणाच्या तिकिटावर जात नाही." त्यावर डाव्यानं खिडकी मागितली. उजवं म्हणालं, "महाडला जातानाही तूच बसला होतास खिडकीत." मी दोन आवाजांत माझ्याशीच भांडत होते. राक्षसानं खिसे चाचपायला वहिनीच्या चोराला खाली ठेवलं. वहिनी हसता हसता मशीनवर रेलली, तिच्या कोपराखाली बटण दाबलं गेलं आणि तिच्या बांगड्यांची झेरॉक्स बाहेर आली.

आत्या मात्र ड्युटीवर होती. तिचा चेहरा जराही हलला नाही. "पुढं सरका, मधी मोकळं हाय," ती म्हणाली. "डबल बेल." आणि फासा पडला वीस. राक्षस भांडतच पुढं सरकला, आणखी पुढं सरकला, आणि जिथं फळी नव्हती तिथून खाली गेला. दादा टेबलावर डोकं ठेवून हसत होता. माझं पोट दुखायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी मात्र आत्यानं दिसेल त्याच्यासाठी बेल मारली. लांडग्यांना, पहारेकऱ्यांना, एका बिचाऱ्या म्हातारीलाही. दादा वैतागला. "मी काय नुसता प्रवासी हाय का? मला कदी लढू देणार?"

ठरल्याप्रमाणे काटछाट झाली. एका लढाईत एकदाच बेल, आणि ती वाजली की आपलीही माणसं थांबणार. आत्यानं विचार केला आणि मान हलवली. "बराबर हाय. गाडी थांबली की कंडक्टर बी थांबतो." दादाच्या सरदाराचे तीन वार कापून एक ठेवला. आपला माणूस खेळात आला ह्यातच तो इतका खूश झाला, की त्यानं हूं की चूं केलं नाही. वहिनीनं एक जादूचं शेरडू आणलं. त्यानं पहिल्याच दिवशी खजिन्याचा नकाशा खाल्ला. माझी सगळी तयारी त्या नकाशावर होती. मग खजिना सोडून आम्ही चौघं त्या शेरडाच्या मागं कुठल्या कुठं गेलो, आणि ती दुपार मी कधी विसरणार नाही.

दादानं आत्याचा कंडक्टर टाईप करून नेटवर टाकला, जिथून त्यानं सरदार आणला होता तिथंच. काही दिवसांनी कोल्हापूरच्या कुणाचा तरी निरोप आला. त्यांच्या खेळात एकजण कंडक्टर झाला होता आणि ते अडले होते. अजगर बहिरा आहे, त्याला बेल लागू होते का?

मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिनं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. एवढ्या लांब कुणीतरी आपली बेल मारतंय, हे तिला खरंच वाटेना. मग ती खुर्चीत सावरून बसली.

"लिही. ऐकू न येणाऱ्याच्या खांद्याला हात लावून सांगायचं."

"आत्याबाई, अजगराला खांदा कुठं आसतुय?" वहिनी म्हणाली.

आत्या म्हणाली, डोक्याच्या जरा खाली. दादा म्हणाला, तिथं मान असते. वहिनी म्हणाली, अजगर म्हणजे सगळी मानच. चहा गार होत गेला, कोल्हापूरकर तिकडं ताटकळले, आणि आम्ही अजगराला नेमकं कुठं धरायचं ह्यावर भांडत बसलो.