घोडीला विचारा

"मला काय विचारता साहेब, घोडीला विचारा."

काकांना काहीही विचारा, उत्तर हेच. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, का उरली, खूर कशाने चिरला, इतकी मांजरं कुठून आली. मी जनावरांचा डॉक्टर, तेव्हा निदान मला तरी या उत्तराचा उपयोग व्हायला हवा होता. पण घोडी काही सांगायची नाही आणि काका तर नाहीच नाही.

बडोद्याजवळ छाणीच्या पुढे एका शेठची सात घोड्यांची पागा होती. काका तिथले मोतद्दार, आणि ‘घोडी’ म्हणजे त्या सातांतली त्यांची लाडकी. त्यांचे वडील आणि आजोबाही बडोद्यात घोडेच सांभाळत आलेले. खरारा करताना ते घोडीशी मराठीत बोलत, शेठशी गुजरातीत, आणि माझ्याशी दोन्हींची खिचडी करून. मांजरांशी मात्र अजिबात बोलत नसत. "मांजरं माझी नाहीत ने! उंदरांसाठी आलीत, उंदीर चंदीसाठी आलेत. मी मध्ये कोण?" असं म्हणत म्हणत संध्याकाळी दूधभाकरीचं ताट नळाशी ठेवत.

ही मांजरं किती होती हे मला कधीच कळलं नाही. एका रविवारी अकरा मोजली, पुढच्या रविवारी पंधरा, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. तुम्ही कधी मांजरं मोजून पाहिली असतील तर माझी अवस्था तुम्हाला समजेल.

शेवटी शेठ कातावले. "हवे एक पण बच्चुं थयुं, तो बधी बिलाडी बहार!" आणखी एक जरी पिल्लू झालं तर सगळी मांजरं पोत्यात घालून लांब कुठेतरी सोडायची, असा हुकूम निघाला. मग मीच पुढे झालो. एकेक मांजर पिंजऱ्यात धरायचं, दवाखान्यात न्यायचं, ऑपरेशन करायचं, पाच दिवस ठेवायचं आणि परत आणून सोडायचं. एकच मांजर पुन्हा धरलं जाऊ नये म्हणून भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापायचं. ती आमची खूण.

तीन महिने हे चाललं. एके दिवशी ताटाभोवती बसलेल्या प्रत्येक मांजराचा डावा कान मी वाकून पाहिला. सगळे कापलेले. स्वतःवर फार खूश होऊन मी शेठना तसं सांगितलं.

आणि दोन महिन्यांनी गवताच्या गंजीमागून तीन पिल्लं बाहेर आली.

मी चक्रावलो. कुठे चुकलो? टाके आठवले, औषधं आठवली, आपली पदवी खरी आहे ना इथपर्यंत विचार गेला. काका चंदी भिजवत होते, वर बघत नव्हते. "काका, ही कोणाची?"

"घोडीला विचारा."

मी खरंच घोडीकडे पाहिलं. पांढरी, म्हातारी, एका डोळ्याने अधू. तिच्या गव्हाणीत नेहमीसारखी एक करडी मांजरी झोपलेली होती. मी तिचा डावा कान धरला. टोक नव्हतं, पण कापही सरळ नव्हता. मारामारीत कुणीतरी तोडलेला कान होता तो! पागेत करड्या मांजरी चार, त्यांतली ही कधी दवाखान्यात आलीच नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही कान बघितलात, साहेब. मला कुठे विचारलंत?" मग हळूच म्हणाले, "पाच दिवस ही गेली असती तर घोडी जेवली नसती. मागे ही गवताच्या ट्रकमधून गेली होती. दोन दिवस मी गावभर शोधत फिरलो. सापडली तोवर घोडीने चंदीला तोंड लावलं नव्हतं. तिला आधीच पोटशूळ. रिकाम्या पोटाने मरेल ने ती."

मला राग आला आणि गंमतही वाटली. दोन वाक्यांत सुटणारी गोष्ट. मी करडीचं ऑपरेशन करून त्याच दिवशी परत आणली आणि पाच दिवस तिचा पिंजरा घोडीच्या ठाणातच ठेवला. काका उलट्या बादलीवर बसून दोघींकडे पाहत राहिले. पिल्लं मी माझ्या गाडीतून घरी नेली. ती बाहेरून आली होती, असं शेठना धडधडीत खोटं सांगितलं. मांजरं वाचली.

पुढच्या वर्षी काकांचे गुडघे गेले. मुलीने त्यांना आपल्या घरी, गोत्रीला नेलं. तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला की घोडी खात नाही. मी धावत गेलो. करडी गव्हाणीत, चंदीच्या शेजारीच झोपली होती. घोडीला ताप नव्हता, पोट ठीक, दात ठीक. मी गोंधळून उभा राहिलो. घोडीची मान मात्र त्या उलट्या बादलीकडे वळलेली होती.

मी काकांना फोन केला. "करडी आहे ने?" त्यांनी आधी तेच विचारलं. आहे म्हटलं. "मग?" मी एवढंच म्हणालो, "तुम्ही या."

ते रिक्षाने आले, लंगडत बादलीवर बसले. घोडीने त्यांचा खांदा हुंगला आणि गव्हाणीत तोंड घातलं. काकांचा चेहरा फुलला. "बघा! करडी जवळ पाहिजे तिला." करडी तीन दिवस तिथेच होती. ट्रकमधून गेली तेव्हा दोन दिवस काकाच पागेत नव्हते. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण एवढा मोठा माणूस ओशाळेल, असं वाटून मी ते गिळलं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं.

तो रविवार आला नाही. काका झोपेतच गेले. घोडी कोणासाठी थांबायची हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि ते मला माहीत असूनही मी सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता संध्याकाळी मी त्या बादलीवर बसतो. घोडी माझा खांदा हुंगते, थोडा वेळ दाराकडे बघते आणि मग अर्धी चंदी खाते.