चिकाचा रकाना

सत्तरच्या दशकातली तीन वर्षं मी तान्ह्या बाळांची शी गोळा करण्यात घालवली. संशोधन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर येतो, म्हणून लग्नकार्यात मी तोच शब्द वापरायची. एकदा मावसभावानं फारच खोदून विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. त्यानं हातातला लाडू ताटात ठेवला आणि पावसापाण्याचं बोलायला लागला.

विषय मात्र हसण्यासारखा नव्हता. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच काही बाळांचं पोट फुगायचं, हिरवी उलटी व्हायची, शीतून रक्त जायचं. आतडंच आतून सडत जायचं आणि दोन-तीन दिवसांत बाळ हाती लागायचं नाही. पुण्यातले आमचे सर म्हणायचे, यामागं एक विशिष्ट जंतू आहे. माझंही तेच मत होतं. सरांचं होतं म्हणून माझं होतं, हे कळायला पुढं बराच काळ जावा लागला.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या कडेला मला एक खोली मिळाली होती. तिथं एक मायक्रोस्कोप, जंतू वाढवायची एक उबदार पेटी आणि मी. सरांना दाखवायचे नमुने बर्फ घातलेल्या थर्मासमधून पॅसेंजर गाडीनं पुण्याला न्यायचे. थर्मास मांडीवर घेऊन बसले की शेजारची बाई हमखास विचारायची, "कुल्फी का?" मी "औषध" म्हणायची. दोघींच्या दृष्टीनं तेच बरं होतं.

नमुने मिळायचे नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात. एसटीनं भीमेच्या काठापर्यंत जायचं, होडीनं पलीकडं उतरायचं, की वडगाव रासाई. तिथं माझी सगळी भिस्त एका सुईणीवर होती. साठीची, काटक, बौद्ध वस्तीत राहणारी. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ज्या घरांतली पोरं तिनं जगात आणली, त्यांतल्या बऱ्याच घरांत तिचा चहाचा कप अजून ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. मी तिला मावशी म्हणायची, ती मला डॉक्टरीणबाई.

माझ्याजवळ सरांनी छापून घेतलेले फॉर्म होते. विहिरीचं अंतर, घराची जमीन, सुईणीची नखं, सगळ्याला रकाने. मावशीनं स्वतःचीही नखं मला तपासू दिली. मग तो कागद न्याहाळत विचारलं, "पयले तीन दिस पोराच्या पोटात काय गेलं, त्ये कुठं लिवता?"

"हे काय, इथं. दूध आईचं की वरचं."

"पयल्या तीन दिसाचं इचारतेय मी."

"मावशी, आईचं म्हटलं की त्यात सगळं आलं."

"व्हय का," ती म्हणाली आणि माझं दप्तर उचलून पुढच्या घराकडं निघाली.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका बड्या बागायतदाराच्या घरी नातू झाला. घरधन्याला सारं गाव आबा म्हणायचं. सोसायटीत, ग्रामपंचायतीत त्यांचा शब्द चालायचा. त्याच आठवड्यात मावशीची मुलगीही बाळंत झाली होती. निरोगी बाळाचा नमुना तुलनेला हवाच असतो, म्हणून मी आधी मावशीकडं गेले, तिच्या नातवाचा नमुना घेतला आणि मग तिच्याचबरोबर आबांच्या घरी गेले. बाळाचा तिसरा दिवस होता. योगायोगानं गोठ्यात म्हैसही व्याली होती. मला पाटावर बसवून खरवस दिला. वेलदोडा घातलेला, मऊ, थरथरता. मी आग्रहाला न जुमानण्याचं नाटक करत तीन वड्या खाल्ल्या.

आतल्या खोलीत बाळाला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी पाजत होते. सून बाजेवर बसली होती, तिचं पहिलं पिवळं दूध पिळून एका वाटीत काढलेलं होतं. सासूबाईंनी ती वाटी मोरीत ओतली. "चीक जड असतोय," त्या मला म्हणाल्या, "तीन दिस पाजायचा नसतो." मावशी दारापाशी उभी होती. मी फॉर्म काढला आणि लिहिलं, 'दूध: आईचं.' नमुना घेतला, निघाले.

होडीची वाट बघताना मावशी म्हणाली, "म्हशीचा चीक पाहुण्याच्या ताटात, आन् बाईचा मोरीत."

मला वाटलं, बाई विनोदी आहे. मी हसले. ती हसली नाही.

दोन दिवसांनी आबांचा माणूस दौंडला आला. बाळाचं पोट फुगलंय, हिरवं ओकतंय. आता जे लिहिते ते कुठल्याच अहवालात नाही: मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत अशी ताजी केस माझ्या हाती पहिल्यांदाच येत होती. मी नव्या बाटल्या घेतल्या, थर्मासमध्ये बर्फ भरला आणि निघाले. स्टेथोस्कोप मात्र खोलीवरच राहिला.

बाळाचं पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. रडण्याचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. मावशी माझ्या आधीच येऊन दारापाशी उभी होती. मी गुडघ्यावर बसले आणि बाटलीचं बूच काढलं. आबा खांबाला टेकून बघत होते.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "तुमची बाटली भरून घ्या आधी. मग सवड झाली, तर पोराकडं बघा."

मी डॉक्टर होते, पण कितीतरी वर्षांत मी कुठल्या आजारी बाळाला हात लावला नव्हता. माझा संबंध त्यांच्या लंगोटांशी. मी काही बोलायच्या आत मावशीनं बाळ दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. "दौंडला न्यायचं. आत्ता," ती म्हणाली. मग सुनेकडं वळली, "तू दूध पिळत ऱ्हा. आटू द्यायचं न्हाई. उद्या तिकडं ये."

ट्रॅक्टरनं काठापर्यंत, होडीनं पलीकडं, तिथून उसाच्या रिकाम्या ट्रकमधून दौंड. सबंध वाटेत बाळ मावशीच्या मांडीवर होतं आणि आबा तिला खेटून बसले होते. ट्रकवाल्यानं दिलेलं पाणी दोघं एकाच तांब्यातून प्यायले. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट हलकं केलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. तोंडानं काही द्यायचं नाही म्हणाले. सून दुसऱ्या दिवशी आली ती तिथंच राहिली, दूध पिळत, ते फेकून देत, पुन्हा पिळत. दहाव्या-बाराव्या दिवशी डॉक्टरांनी चमच्यानं तिचं दूध सुरू केलं. बाळ जगलं.

दरम्यान मी खोलीवर जाऊन माझी पेटी उघडली. आबांच्या नातवाच्या नमुन्यात आमचा जंतू भरघोस वाढला होता. सरांना तार करावी इतका. मग जंतू वाढवलेली दुसरी बशी पाहिली. मावशीच्या नातवाच्या नमुन्यातही तोच, तितकाच. आणि तो पोरगा वस्तीवर गुटगुटीत पडला होता.

मी मावशीकडं गेले. "तुमच्या नातवाला पहिले तीन दिवस काय दिलं?"

"चीक पाजला. जलमल्याबरुबर. माझ्या आईनं मला पाजला, मी पोरीला." माझ्या दप्तराकडं बोट दाखवत ती म्हणाली, "तुमच्या कागदात बसत न्हाई त्ये."

मग महिनाभर मी जुने फॉर्म घेऊन त्याच घरांतून पुन्हा हिंडले आणि समासात हातानं एक रकाना आखला. ज्यांची बाळं गेली होती, त्यांना विचारणं सोपं नव्हतं. बहुतेक ठिकाणी वाटी मोरीतच गेली होती. सगळं लिहून मी पुण्याला नेलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "मग आता काय, खरवसावर प्रबंध लिहायचा?" ते म्हणाले. प्रबंध जंतूवरच झाला. चीक शेवटच्या पानावर तळटीपेत गेला, बारीक टायपात. मीही सही केली.

त्यानंतर वर्षभरानं सुईणींचं सरकारी प्रशिक्षण निघालं आणि शिकवायला मला बोलावलं. मावशी शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसली होती. उकळलेलं ब्लेड, साबण, स्वच्छ कापड असं करत मी चिकापाशी आले. तो लगेच पाजायचा, फेकायचा नाही, असं सांगितल्यावर बायकांत कुजबूज झाली. वरवंडची एक म्हातारी उठून म्हणाली, "आमी कवा पाजला न्हाई. तुमाला ह्ये कुणी शिकवलं?"

मावशी माझ्याकडं बघत होती. मला नाव घेता आलं असतं. पण वहीत सह्या घेणारा साहेब शेजारीच बसला होता.

"पुण्याला संशोधन झालंय," मी म्हणाले.

बायका मागं वळून मावशीकडं बघू लागल्या. त्यांच्यात तिचा शब्द मोठा होता. तिनं पदर सावरला.

"मंग खरंच आसंल," ती म्हणाली. "पाजत जावा."