हिरव्या रंगातलं घर

धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की धोंडुबाईच्या पोटात दुखायचं. हौसाबाईची म्हैस जास्त दूध द्यायला लागली, तरी हिला घास गोड लागायचा नाही. अशात कुरुंदवाडजवळच्या त्यांच्या गावाचा पुराचा नकाशा झाला. पाणी शिरलेली घरं लाल, कोरडी राहिलेली हिरवी. हौसाबाईचं घर लाल रंगात आलं. म्हणजे तिला वर माळावर, पाणी पोचणार नाही अशी जागा. शेजारचं धोंडुबाईचं घर मात्र हिरवं.

दोष नकाशाचा नव्हता. पूर ओसरल्यावर ‘आमचा उंबरासुद्धा भिजला न्हाय’ असं तीच गावभर सांगत सुटली होती. खरं तर तिची चूल विरघळली होती. पण जावेपेक्षा आपलं घर वरचढ दिसावं म्हणून तिनं भिंतीवरची पाण्याची खूण शेणानं सारवून टाकली होती.

नकाशा करणारी अनुजा पुन्हा खात्री करायला आली. आज खरं सांगून टाकायचं, असं धोंडुबाईनं सकाळपासून मनाशी घोकलं होतं.

“मावशी, घरात पाणी शिरलं होतं का? शिरलं असेल तर लाल करते. तुम्हालाही माळावर जागा मिळेल.”

धोंडुबाईनं तोंड उघडलं, तोच दारातनं हौसाबाई कळवळून म्हणाली, “सांगा की आक्का! आपली दोघींची गत एकच झालती की!”

एकच? धोंडुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुझी झाली असंल! आमचा उंबरासुद्धा भिजला न्हाय. लिव्ह गं पोरी, हिरवंच लिव्ह!”