मामांनी धुतलेली गाडी

बॉनेट उघडण्याआधी मामा त्यावर तळहात टेकवायचे आणि मालकाला सांगायचे, "तू गप रव. तिका बोलू दी." मग मालक सरपंच असो की बँकेचा मॅनेजर, तो गप बसायचा. मामा इंजिन सुरू करायला लावायचे आणि मान तिरकी करून उभे राहायचे, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसे.

तुम्ही गोव्यात तुयेच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याने कधी गेला असाल, तर फणसाखालचं ते चार पत्र्यांचं गॅरेज तुम्ही पाहिलं असेल. मामा मूळचे दोडामार्गाकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर फिटर म्हणून काढली. खाण बंद झाली तेव्हा बाकीच्यांसारखे तेही घरी बसले, पण दोन महिन्यांत बायकोच त्यांना कंटाळली. घरातलं शिवणयंत्र त्यांनी तीनदा उघडून परत जोडलं होतं. मग तिनेच आपल्या भावाकडून ही जागा मागून घेतली. गॅरेजात खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकासाठी. मामा टायरवर बसायचे आणि सकाळी पोदेराकडून घेतलेला उंडो पाव काळ्या चहात बुडवून खायचे.

माझी त्यांची ओळख पायामुळे. विहिरीच्या काठावर घसरून माझा डावा घोटा मोडला. तो चालण्यापुरता बरा झाला, क्लच दाबण्यापुरता नाही. मी आणि माझी जाऊ मिळून तुयेच्या एका कारखान्यातल्या साठ कामगारांचं दुपारचं जेवण करतो. स्वयंपाक जाऊ बघते, पोचवणं माझ्याकडे. गाडी चालवता आली नाही तर कंत्राट सोडावं लागणार, हे मी मामांना रडत सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला की खाणीवरच्या साहेबाची जुनी पिकअप विकायची आहे, गिअर आपले आपण पडतात, डाव्या पायाला काम नाही. फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी मला ती चालवायला शिकवली. मी ब्रेक जोरात दाबला की ते डोळे मिटून घ्यायचे, पण ओरडले कधी नाहीत.

आता त्यांच्या एका वेडाबद्दल सांगते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या त्यांच्याकडे नेऊन लावायचो आणि मामा त्या स्वतः धुवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. पंपाने पाणी मारून चाकं, खालचा सांगाडा, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा. खाणीवरची लाल माती एकदा आत बसली की निघत नाही, तिथे रोज संध्याकाळी डंपर असेच धुवायचे, आणि धुतलेली गाडी अर्धी बरी होते, असं त्यांचं शास्त्र. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेल्या आमच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या की मामा सून घरात आल्यासारखे मिरवायचे.

एका वर्षी दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी माझी गाडी पेडण्याच्या चढावावर अडली. म्हणजे चालत होती, पण तिसऱ्या गिअरच्या वर नाही आणि खालीही नाही. समोर गिअरचा आकडा उघडझाप करत होता आणि मध्येच असा हिसका बसायचा की मागची झाकणं वाजायची. जेवण पाऊण तास उशिरा पोचलं. कँटीनच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, ताई, आणखी एकदा असं झालं तर आम्हाला दुसरं बघावं लागेल.

मामांनी तळहात टेकवला, ऐकलं आणि निदान केलं, गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटी गेल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की गाडी होईपर्यंत जेवण त्यांच्या जीपमधून जाईल आणि जीप ते चालवतील. त्या जीपला स्प्रिंगा होत्या की नाही देव जाणे. पहिल्या दिवशी डाळ निम्मी उरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येक टोपाचं झाकण असं आवळून बांधलं की कारखान्यात ते सोडायला मामाच लागले. कामगारांनी विचारलं, हे तुमचे वडील का. मी हो म्हणून टाकलं.

रोज जेवण पोचवून परत आलं की मामा गाडीखाली शिरायचे. दोन दिवस गिअरबॉक्स उतरवून ताडपत्रीवर मांडला होता. प्लेटी चांगल्या होत्या. सगळंच चांगलं होतं. मामांनी प्रत्येक भाग उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा तेलात बुडवून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं होतं तसं जोडलं आणि मला म्हापशाच्या लॅपटॉपवाल्याला फोन लावायला सांगितलं. हा लॅपटॉपवाला म्हणजे गाडीला वायर जोडून दुखणं सांगणारा माणूस. मामा त्याला इतकी वर्षं ज्योतिषी म्हणायचे.

ज्योतिषी आला तेव्हा गॅरेजात चारपाच गिऱ्हाइकं होती. त्याने वायर जोडली आणि बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यातली एक काळी पेटी सोडवली. तळहाताएवढी. कुठला गिअर कधी टाकायचा हे तीच ठरवते म्हणे. तिचा जोड उपटला तर आतल्या पितळी काड्यांवर हिरवं धरलेलं, आणि पेटी हलवली तर एक थेंब बाहेर आला.

"हातूंत उदक गेलां," तो म्हणाला. "कोणें धुयली गाडी?"

मला एका क्षणात सगळं कळलं. मामांनाही कळलं, कारण त्यांचा हात बॉनेटवरून खाली आला. मी घाईघाईने म्हटलं की परतीच्या पावसात गाडी उघड्यावर होती, त्याचंच पाणी असेल. कुणालाही ते पटलं असतं.

"पावसाचा न्हय," मामा म्हणाले. "मियां मारलंय पाणी. पंपान. आणि मगे दोन दिवस तिची आतडी भायर काढून बसलंय."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तो त्यांनी पाणी मारल्याचा नव्हता. मी झाकत होते तर झाकू का दिलं नाही, याचा होता. ज्यांच्या नुसत्या कानावर लोक विश्वास ठेवायचे, त्यांनी चार माणसांसमोर स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. ते गिऱ्हाइकांकडे बोट दाखवून म्हणाले, "बाये, ह्यांच्यापण गाडये मियांच धुतलंत."

नवी पेटी बेळगावहून यायला तीन दिवस गेले. बसवायच्या दिवशी मामा लॅपटॉपवाल्याच्या शेजारी शाळेत बसल्यासारखे बसले. बॅटरीची तार आधी का सोडायची, जोडाच्या काड्या कशाने पुसायच्या, नव्या पेटीला गाडीचा नंबर कसा भरवायचा, सगळं त्यांनी सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर लिहून घेतलं. लॅपटॉपवाल्याने बजावलं की पेटी कोरी आहे, गाडी अजून तिला ओळखत नाही, पहिले काही दिवस हळूच चालवा. मग मामा आठवडाभर माझ्या शेजारी बसून आले. एकही जेवण उशिरा गेलं नाही, आणि कंत्राट राहिलं.

त्याच आठवड्यात त्यांनी दसऱ्याला धुतलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला गाठलं. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांच्या घरी गेले. पिशवीत एक पंचा आणि लेकीचं केस वाळवायचं यंत्र. पाळीच्या खाणीवरचा फिटर दारोदार फिरून बॉनेटखाली गुलाबी यंत्राने गरम वारा घालतोय, हे दृश्य पाहून लोक पोट धरून हसले. दोन गिऱ्हाइकं मात्र गेली ती गेली. मामांनी त्यांना नावं ठेवली नाहीत.

छातीचं दुखणं त्यांनी बरेच दिवस अंगावर काढलं. स्वतःच्या आत काय वाजतंय ते ऐकायला हा माणूस थांबला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. चैत्रात एका सकाळी ते इस्पितळातच वारले. मामींना त्यांना दुपारच्या आत गावी न्यायचं होतं आणि शववाहिका संध्याकाळशिवाय मिळत नव्हती. मी गाडी घेऊन गेले. त्यांच्या मुलाने विचारलं, ताई, घाटात तुम्ही चालवाल की दुसरं कोणी बघू. मी चावी दिली नाही.

दोडामार्गाचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, चढ, वळण, पुन्हा चढ. मुलगा मागे वडिलांच्या उशाशी बसला होता, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून. पहिल्या चढाला त्याने मूठ आवळलेली मी आरशात पाहिली. गिअर पडले, कधी पडले ते मलाही कळलं नाही. तिसऱ्या वळणानंतर त्याने हात सोडले आणि मांडीवर ठेवले. घरापर्यंत मामांना एकही हिसका बसला नाही.