पहिल्या मजल्याची चावी

परिषदेचं हॉटेल अंधेरीत होतं आणि आई माहुलला. दोन दिवसांच्या त्या फेरीत शनिवारची संध्याकाळ तेवढी माझी होती. मला निबंध वाचायचा होता रविवारी सकाळी. विषय आमचीच वस्ती: घाटकोपरच्या नाल्याकाठची, मी बारावीत असताना पाडलेली आणि माहुलच्या पुनर्वसन इमारतींत हलवलेली. आता मी बाहेरगावी एम.ए. करत होते, आणि त्या वस्तीवर इंग्रजीत पंधरा मिनिटं बोलायला मला निमंत्रण होतं.

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा गोदामात हमाली करायचे आणि वस्तीच्या समितीची पत्रकं लिहायचे. त्यांचा एक नियम होता. झेरॉक्सला जाण्याआधी पत्रक सकाळी नळावर वाचायचं, पाणी भरणाऱ्या बायांसमोर. कुणीही बाई म्हणाली ‘हे काढा’, की ते वाक्य जायचं. आईला सहीपुरतंच लिहिता येतं, पण सगळ्यांत जास्त वाक्यं तिनं काढली असतील. एकदा बाबांनी लिहिलं, ‘शेकडो महिला रस्त्यावर उतरल्या.’ आई कळशी न उचलता म्हणाली, ‘चाळीस होतो. त्यातल्या दोघी भाजीला निघालेल्या.’ बाबांनी मुकाट्यानं खोडलं.

माझा निबंध असा कुणासमोर वाचलाच नव्हता. हॉस्टेलच्या खोलीत लिहिला, मेल केला, निवडला गेला. बाबा असते तर त्यांनी तो परत पाठवला असता.

त्यात एक वाक्य होतं: एकाही कुटुंबानं माहुलच्या खोलीची चावी आपणहून घेतली नाही. आमच्या मॅडमनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. म्हणाल्या, हा तुझ्या निबंधाचा कणा आहे. मलाही तसंच वाटायचं. ‘कुणीही चावी घ्यायची नाही’ हे बाबांच्या शेवटच्या पत्रकाचं शीर्षक होतं आणि ते मी स्वतः भिंतींवर चिकटवलं होतं.

शनिवारी दिवसभर गळ्यात ओळखपत्र अडकवून बसले. एका वक्त्यानं माहुलसारख्या इमारतींचा फोटो पडद्यावर दाखवला आणि तिथल्या माणसांना लाभार्थी म्हणाला. माझ्या शेजारची मुलगी ते लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवलं. चार वाजता निघाले आणि मेट्रोनं घाटकोपरला उतरले. बस पकडायच्या आधी पाय आपोआप नाल्याकडे वळले. तिथे आता निळे पत्रे लावलेत. आत काहीच बांधलेलं नाही, नुसतं गवत. मला वाटलं होतं, आमचं दार कुठं होतं ते तरी ओळखता येईल. नाही आलं. बाबा ज्या कट्ट्यावर बसून लिहायचे तो कट्टा, शेजारच्या मावशीच्या घरातला कुळथाच्या पिठीचा वास, सकाळी भांड्यांचा आवाज, हे सगळं पत्र्यापलीकडे असेल असं कुठंतरी मी धरून चालले होते.

माहुलला आई दार उघडं ठेवून मेथी निवडत बसली होती. खिडकीतून तो नेहमीचा, रिफायनरीचा तेलकट वास येत होता. मला बघून म्हणाली, ‘वाळलीस. तिकडं जेवण देतात की नुसतं ज्ञान?’ चहा झाला आणि ती म्हणाली, ‘हं, वाच.’

मी इंग्रजीतून मराठी करत वाचत गेले. तिचे हात चालू होते. कणा असलेल्या वाक्याशी ते थांबले.

‘हे काढ.’

मी म्हणाले, हेच तर महत्त्वाचं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, बाबांनी लिहिलंय.

‘त्यांनी लिहिलं ते त्यांना खरं वाटत होतं. मी घेतली चावी. सगळ्यांत आधी.’

मग तिनं सांगितलं. वस्ती पाडायच्या पंधरा दिवस आधी ती एकटीच पुनर्वसनाच्या कार्यालयात गेली होती. तिथला कारकून म्हणाला, आत्ता सही केली तर मजला निवडता येईल, नंतर चिठ्ठ्या टाकू. बाबांचे गुडघे तेव्हाच गेलेले. तिनं पहिला मजला मागितला, सही केली, चावी तांदळाच्या डब्यात लपवली. बाबांना सांगितलं, चिठ्ठीत पहिला मजला निघाला. बाबा त्यावर खूश होते. आयुष्यात एकदाच नशिबानं बरोबर मोजलं, असं ते भेटेल त्याला सांगायचे. तीन वर्षं त्या खोलीत राहिले आणि तिथेच गेले.

आणि मावशी. घाटकोपरला आमची नि तिची भिंत एक होती. कोकणातली बाई, गिरणीकामगाराची विधवा. तिनं बाबांचा शब्द शेवटपर्यंत पाळला आणि चिठ्ठीत तिला सातवा मजला लागला. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते. आताशा ती खाली उतरतच नाही. आई एक दिवसाआड भाजी वर नेऊन देते. मला वाटायचं, माया.

मी चिडले. म्हणाले, ‘बाबांना फसवलंस तू.’

‘फसवलं. पण जिने चढायला लावले नाहीत.’

मी तिच्या पुढ्यातली मेथीची एक जुडी ओढून निवडायला घेतली आणि विचारलं, उद्या हे सांगू का.

‘सांग. इंग्रजीत सांगशील ना, मावशीला कुठं कळतंय,’ असं म्हणून ती हसली. मग हसू ओसरलं. ‘खोटं मात्र वाचू नकोस. तुझ्या बाबांना चाललं नसतं.’

रविवारी मी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी नुसतंच बोलले. एका बाईनं सर्वांच्या आधी चावी घेतली, नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी, आणि ती अजून सातव्या मजल्यावरच्या शेजारणीला भाजी नेऊन देते आहे. अध्यक्ष म्हणाले, मग तुमचा मुद्दा उरला कुठे, त्यांनी तर निवड केली. मी म्हणाले, नवऱ्याचा शब्द किंवा नवऱ्याचे पाय, यातलं एक निवडा असं ज्यांनी सांगितलं, त्यांना आधी विचारा. आवाज चढला होता. सभागृहात कुणी पाणी प्यायलं, कुणी घड्याळ बघितलं. पुढच्या रांगेत बसलेल्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या क्षणी टाळ्या नको होत्या, नळावरच्या बाया हव्या होत्या.

दुपारी कुर्ला टर्मिनसवरून आईला फोन केला. झालं ते सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘मी पण सांगून आले.’

‘कुणाला?’

‘मावशीला. तू गेलीस नि मी वर गेले.’

मी विचारलं, मग काय म्हणाली. मावशीनं भाजीची पिशवी घेतली, रिकामी करून परत दिली, आणि ‘मागसून बघूया’, नंतर बघू, एवढंच बोलून आत गेली. दार लावलं नव्हतं.

गाडीची घोषणा झाली. माझ्या पुढ्यात डब्याचं दार होतं, हातात बॅग, आणि मला उलटं फिरून माहुलच्या बसमध्ये बसायचं होतं. सोमवारी सकाळी माझा वर्ग होता.

‘मागसून म्हणजे कधी गं?’ आई विचारत होती. आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या माणसाला विचारावं तसं.

मी म्हणाले, ‘परवा भाजी घेऊन जा.’

‘जाते,’ ती म्हणाली. ‘भेंडी नेते. तिला भेंडी आवडते.’